राणीला बसून मारायचं

पाच वर्षांपूर्वी मी एका व्हिडिओ गेममधल्या राणीला माझ्या थोरल्या जावेची पाठ दिली. हा मूर्खपणा मी वयाच्या सत्तराव्या वर्षी केला, त्यामुळे 'पोरवय होतं, कळत नव्हतं' अशी पळवाटही उरली नाही. आता पंचाहत्तरीला त्या सत्तर वर्षांच्या बाईकडे वळून पाहते तेव्हा ती मला अगदी अल्लड वाटते. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात टोक काढलेली पेन्सिल, आणि आपण काहीतरी फार बारीक, फार हुशारीचं करतोय अशी तोंडावर कळा. माझ्या क्लासला अशी एखादी विद्यार्थिनी आली असती तर तिला मी पहिल्याच दिवशी काजाबटणाला बसवलं असतं आणि वर्षभर उठू दिलं नसतं.

क्लास म्हणजे शिवणक्लास. वडगाव मावळात बाजाराच्या मागे, पत्र्याच्या एका खोलीत मी एकतीस वर्षं शिवण आणि भरतकाम शिकवलं. माझी खासियत म्हणजे मॅटीच्या कापडावरचा फुलीचा टाका. आधी चौकटीच्या वहीत घरं मोजून मोर काढायचा, एका घराला एक फुली, आणि मग तोच मोर घरं मोजत मोजत कापडावर उतरवायचा. तालुक्यातल्या निम्म्या घरांत टीव्हीवर जे मोर, हरणं आणि 'सुस्वागतम' अंथरलेले असायचे, त्या पापाची धनीण मी.

माझी नात, मुलाची मुलगी, लोणावळ्याला एका रिसॉर्टच्या काउंटरवर कामाला आहे. शनिवार-रविवार तिला पाणी प्यायला फुरसत नसते. मुंबईकर खोलीच्या चाव्या मागतात, मग गरम पाणी मागतात, मग धुकं का नाही म्हणून भांडतात. पण सोमवार ते गुरुवार तिथे चिटपाखरू नसतं. त्या रिकाम्या दिवसांत काउंटरखाली संगणक उघडून ती एक गेम बनवत होती.

नवा नव्हे. असलेलाच. एक परदेशी मारामारीचा गेम होता. जळक्या शहरातून चिलखत घातलेला शिपाई तलवार घेऊन जातो, वाटेत दिसेल त्याला कापतो, शेवटी सिंहासनावरच्या राणीला कापतो की संपलं. एवढी साधी गोष्ट, पण ती चालवायला जे यंत्र लागायचं ते घ्यायची आमची ऐपत नव्हती. नातीने तो गेम स्वतः कधी खेळलाच नव्हता, दुसरे खेळताना पडद्यावर पाहिला होता. मग तिने ठरवलं, हाच गेम जुन्या पद्धतीचा करायचा. तिच्या बापाच्या शाळेच्या दिवसांत टीव्हीला वायर जोडून खेळायचे तसला. चार रंग, ठिपक्यांची माणसं, पीं-पीं वाजणारं संगीत. जुन्यातल्या जुन्या फोनवर चालेल असा, आणि फुकट.

"फुकट का?" मी विचारलं.

"गोष्ट दुसऱ्याची आहे, आजी. नावं बदलली तरी गोष्ट त्यांचीच. तिच्यावर आपण पैसे घ्यायचे नसतात."

"मग करतेस कशाला?"

"माझ्यासारख्यांना खेळायला मिळावा म्हणून."

"म्हणजे अन्नछत्र."

"हो, अन्नछत्रच समज. पण माझी भांडी बघ कशी झालीत," असं म्हणून तिने मला स्वतः काढलेला शिपाई दाखवला. भोपळ्यात चार काड्या खोचल्यासारखा दिसत होता. मी हसले. ती रुसली. मग म्हणाली, "तूच काढ ना मग. सोळा घरं आडवी, सोळा उभी. एवढ्यात एक माणूस बसव. रंग चार, त्यातला एक आकाशाला जातो, म्हणजे तीनच धर."

घरं हा शब्द ऐकला आणि माझी बोटं शिवशिवली. माळ्यावरून चौकटीच्या जुन्या वह्या काढल्या. पहिल्याच दुपारी शिपाई करून दिला. दुसऱ्या दिवशी तो चालायला लागला, तिसऱ्या दिवशी तलवार फिरवायला लागला. नात मला 'आजी, तू भारी आहेस' म्हणाली, आणि तिथून माझं डोकं फिरलं.

लोकांना वाटतं, हे सोपं आहे, ठिपके तर भरायचे. पण सोळा घरांत माणूस मावत नाही. नाक काढावं तर डोळे जातात, डोळे ठेवावेत तर हनुवटी जाते. मग काय मावतं? व्यंग तेवढं मावतं. एक खोड उचलायची, तिला पाच-सहा घरं द्यायची आणि बाकीचा माणूस फेकून द्यायचा. हे काम मला इतकं सहज जमलं की आयुष्यभर मी दुसरं काही करतच नव्हते असं आता वाटतं. क्लासच्या घरमालकाचं पोट मी एका अस्वलाला दिलं. नणंदेचं ठुमकत चालणं एका कोळ्याला दिलं. आमच्या ह्यांना, म्हणजे माझ्या वारलेल्या नवऱ्याला, मी किल्ल्याच्या दारावरचा पहारेकरी केलं. जवळ भांडण आलं की तो एक पाऊल बाजूला सरकतो. हुबेहूब.

मग राणीची पाळी आली.

खऱ्या गेममधली राणी ताडासारखी उंच, शिपायाच्या तिप्पट. नात म्हणाली, "हिला चार चौकटी जोडून मोठी काढ."

"उंच बाईची भीती वाटते," मी म्हटलं. "भीती कुणीही काढील. तू मला एकच चौकट दे."

त्या एका चौकटीत मी माझी थोरली जाऊ बसवली.

ती माझ्या मोठ्या दिरांची बायको, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला मी समोर आक्का म्हणते आणि मागे थोरली. उर्से टोलनाक्याच्या पलीकडे, द्रुतगती मार्गाची घरघर भाताच्या खाचरापर्यंत येते, तिथे आमचं गाव. मी लग्न होऊन आले तेव्हा तो मार्ग नव्हता, टोल नव्हता आणि मला भात लावता येत नव्हता. मी पुण्याच्या पेठेतली, शिवणाची परीक्षा पास झालेली, वडगावात क्लास काढायचं ठरवून आलेली. लावणीच्या पहिल्या दिवशी मी नायलॉनची फुलाफुलांची साडी नेसून खाचरात उतरले. दुपारपर्यंत सहा रोपं लावली, त्यातली चार तरंगून वर आली. संध्याकाळी पायाच्या बोटांत चिखल्या. दुसऱ्या दिवशी मी लंगडत ओटीवर आले आणि सासूबाईंना म्हणाले, "माझं मशीन पायाचं आहे. पाय गेले तर क्लास गेला."

त्या तेवीस वर्षांच्या ठमीला वाटलं, काय बिनतोड बोललो आपण. चिखल्या चार दिवसांत गेल्या. मी लंगडणं महिनाभर चालू ठेवलं, आणि मध्ये मध्ये पाय बदलायची. एकदा सकाळी डावा, संध्याकाळी उजवा. आमचे हे मान डोलावून एक पाऊल बाजूला सरकले. थोरली अंगणात रोपांच्या मुठी बांधत होती. ती एवढंच म्हणाली, "व्हय, मास्तरणीचं पाय लय म्हागाचं." त्या दिवसापासून तिच्या तोंडी मी मास्तरीण झाले ती आजतागायत.

आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज सगळ्यांनी तुमच्या शेतावर, उद्या सगळ्यांनी आमच्या. घरात जितक्या सुना तितक्या बाया सावडीला द्याव्या लागतात. आमच्या घरातून दोन बाया जायच्या. एक थोरली, आणि दुसरीही थोरलीच. स्वतःचे दिवस झाले की ती माझे दिवस भरायला निघायची. मी घोरावाडी स्टेशनावर लोकल पकडून वडगावला मोर शिकवायला जायची, ती चिखलात वाकून मागे मागे सरकत रोपं लावत जायची. असे किती पावसाळे गेले ते मी मोजले नाहीत, फुल्या मोजायच्या होत्या ना. पुढे आम्ही वडगावलाच बिऱ्हाड केलं, पण माझ्या वाटणीचे दिवस गावातच राहिले आणि तीच ते भरत राहिली. साठीच्या आसपास तिची पाठ वाकली ती वाकलीच. कमरेतून काटकोन. चालताना तिला फक्त जमीन दिसते. समोरचं बघायचं तर थांबून कासवासारखी मान वर काढावी लागते.

आणि दर दिवाळीनंतर इंद्रायणी तांदळाचं पोतं आमच्या दारात येतं. "तुज्या वाट्याचं," असा निरोप. त्यात टोमणा नसतो, तेच वाईट. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं, मला उत्तरं येतात. दुसरीने राबून घातलेला भात पचतो, बरं का. घालणारीचं तोंड पचत नाही. मी उभ्या जन्मात तिचा राग केला त्याला याहून मोठं कारण शोधूनही सापडलं नाही.

पण गावात तिला मान होता. तिच्या हाताला यश आहे, असं सगळी आळी म्हणायची. कुणाच्याही खाचरात लावणीला सुरुवात करायची तर रोपांची पहिली मूठ थोरलीने लावायची, मग बाकीच्या बायांनी उतरायचं. पाठ वाकल्यावरही हे चालू राहिलं. दोघी तिला धरून बांधावरून उतरवायच्या. मला त्या गावात कुणी कशाला बोलावल्याचं आठवत नाही. ब्लाउज शिवून द्यायला सोडून.

आणखी एक. कुणाच्या तरी मयताहून आल्यावर एकदा आम्ही दोघीच तिच्या ओट्यावर बसलो होतो. ती हलक्या आवाजात म्हणाली, "मास्तरणे, मी मेल्याव ही पाठ सरळ व्हईल का गं? न्हाई झाली तर तिरडीवं कशी निजवतील मला? एका अंगावं? लोक हसतील."

एवढा एकच प्रश्न तिने मला जन्मात विश्वासाने विचारला असेल. मी म्हटलं, "होते सरळ. न व्हायला काय झालं." आणि तो प्रश्न मी चांगल्या कापडासारखा घडी घालून ठेवून दिला. कापड वाया घालवायची मला सवय नाही.

तर राणी. सोळातली वरची सहा घरं मोकळी सोडली. डोक्यावर तीन फुल्यांचा मुकुट, कमरेतून काटकोन, डावा हात कमरेवर, कासोटा. चालताना मान वर, मान खाली. खरी राणी तोंडातून आग सोडायची, माझी मिश्रीची काळी पिचकारी टाकायची. खेळणारा हरला की खाली पाटी यायची, 'लय शानी हायेस'. हे थोरलीचं ठेवणीतलं वाक्य, गावात ते ज्याने ऐकलं नाही असा माणूस नसेल. मरण चार चित्रांचं होतं. पहिल्यात ती डळमळते, दुसऱ्यात गुडघे टेकते, तिसऱ्यात मुकुट घरंगळतो, आणि चौथ्यात ती आडवी होते आणि पाठ ताडकन सरळ होते. हे चौथं चित्र हलताना पाहिलं तेव्हा मी इतकी हसले की सून पीठ भरल्या हाताने स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं मला ठसका लागला.

नात हसली नाही. पडद्याकडे बघत म्हणाली, "आजी, ही मोठ्या आजीसारखी दिसते."

"सगळ्या म्हाताऱ्या अशाच दिसतात."

"तू नाही दिसत. तू वाकलेली नाहीस."

"मी व्यायाम करते," मी म्हटलं.

तिने विश्वास ठेवला. आजीवर ठेवतात तसा.

एक अडचण निघाली. शिपायाची तलवार फिरते छातीच्या उंचीवर आणि राणी येते त्याच्या कमरेपर्यंत. प्रत्येक वार तिच्या पाठीवरून जायचा. नातीला हे फारच आवडलं. म्हणाली, "राहू दे असंच. खाली बसूनच मारता येईल तिला. लोकांना कळायला वेळ लागेल, मजा येईल." तिने तसं बसवलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गेम इंटरनेटवर ठेवून दिला, ज्याला हवा त्याने घ्यावा. शेवटी एक पाटी यायची, 'चित्रं: माझी आजी'. मी ती मैत्रिणींना फोनवर दाखवत फिरले. कुणा परदेशातल्या माणसाने लिहिलं की इतक्या थोड्या ठिपक्यांत इतकी जिवंत म्हातारी आपण कधी पाहिली नव्हती. नातीकडून मी ते तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा तर डोळे मिटून.

गावात तो गेम फोनवरून फोनवर गेला. आधी टोलनाक्यावर कामाला जाणाऱ्या पोरांत, मग त्यांच्या धाकट्या भावंडांत. राणीपाशी येऊन सगळे अडायचे आणि एकमेकांना विचारायचे, आणि उत्तर यायचं, "बसून मार." म्हातारी कोण हे कुणाला सांगावं लागलं नाही. ती रोज त्यांच्याच आळीतून देवळात जात होती.

पुढचं मला थोरलीच्या सुनेने सांगितलं, ते जसंच्या तसं लिहिते. थोरली रस्त्याने आली की पोरं टुणकन तिच्यापुढे उकिडवी बसायची आणि हातातली काडी तिच्या गुडघ्यांपाशी फिरवायची. थोरलीला मान वर काढल्याशिवाय तोंडं दिसत नाहीत. तिला दिसायची ती पायाशी वाकलेली डोकी. तिला वाटलं, पोरं पाया पडताहेत. ती थांबायची आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवायची. "मोटं व्हा. औक्षवंत व्हा." पोरं तोंड दाबून हसायची. घरी येऊन ती सुनेला सांगायची, "हल्लीच्या पोरांस्नी वळण न्हाई म्हनत्यात. आपल्या आळीतली बग की. रोज पाया पडत्यात."

असं पंधरा दिवस चाललं. सुनेला सगळं ठाऊक होतं, पण सासूच्या तोंडावरचं समाधान बघून तिला सांगवेना.

मग लावणी लागली. पहिल्या खाचराच्या बांधावर थोरली हातात रोपांची मूठ घेऊन उभी होती, दोघी तिला धरून उतरवत होत्या, आणि मागून एक पोर ओरडलं, "बसून मार." बाया हसल्या. हसायचं नव्हतं त्यांना, पण हसल्या. थोरलीने विचारलं, "काय म्हनतंय त्ये?" बायांनी पदर तोंडाला लावले. तिने पुन्हा विचारलं. शेवटी एका बाईने कमरेचा फोन काढून तिच्या डोळ्यांखाली धरला.

थोरलीने राणी आडवी होईपर्यंत पाहिलं म्हणे. मग मूठ बांधावर ठेवली, न लावता, आणि वळून घरी गेली. त्या खाचरात पहिली मूठ शेजारणीने लावली. दुसऱ्या खाचरातही. थोरली देवळातही जाईना.

चौथ्या दिवशी सुनेचा फोन आला. "काकी, उद्या आपल्या खाचराला मूठ हाय. आत्या न्हाई म्हनत्यात. आपल्या सवताच्या खाचराला दुसरीचा हात लागला तर परत त्यांना कोन बलवील का? मान गेला की गेला. तुमी येवून सांगा त्यांना. चित्रं तुमचीच हायेत ना." शेवटचं वाक्य तिने अगदी मऊ आवाजात म्हटलं.

नातीला मी फोनवर ऐकलेलं सांगितलं. ती लोणावळ्याहून तेव्हाच आली होती, गळ्यात रिसॉर्टचं ओळखपत्र तसंच होतं. सगळं ऐकून म्हणाली, "मी तुला विचारलं होतं, आजी." त्याच संध्याकाळी तिने मोठी, उंच, ताडासारखी राणी स्वतः काढली, भोपळ्यात काड्या खोचल्यासारखी, आणि जुनीच्या जागी बसवली. पण जुना गेम तोवर फोनाफोनांत गेला होता. फुकट वाटलेली वस्तू परत मागता येत नाही. विकली असती तर निदान कुणाला विकली हे तरी कळलं असतं. त्यानंतर दोन महिने नात माझ्याशी कामापुरतं बोलली. चित्रं तिने मला पुन्हा कधी मागितली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा करून गावी गेले. वाटेत माफीचं भाषण तयार केलं. चांगलं होतं, शिकलेल्या बाईला शोभेल असं. त्यात 'कलेच्या भरात' असे शब्द होते. नशीब, ते बोलायची वेळ आली नाही.

थोरली माजघरात खाटेच्या कडेला बसून सुपात तांदूळ निवडत होती. माझ्या चपला ओळखून म्हणाली, "मास्तरीन आली व्हय. बस."

"आक्का, माझं चुकलं," मी सुरुवात केली.

"फोन आणलास का?"

"आणलाय, पण ते..."

"दाव की मग. त्या बाईनं घाईघाईत दावलं. मला नीट बगायचंय. तू मार, मी बगते."

मला आता सांगायला लाज वाटत नाही, तेव्हा वाटली. गेमची चित्रं मी काढली होती, पण मला तो खेळता येत नव्हता. आणि तिला मान वर करायला लावून कसं दाखवणार? शेवटी मी तिच्या पायाशी फरशीवर उकिडवी बसले, गुडघे करकर वाजले, आणि फोन तिच्या डोळ्यांखाली धरून तलवार फिरवायला लागले. जुनाच गेम होता फोनवर, मैत्रिणींना दाखवायला थेट राणीपाशी उघडेल असा नातीने घालून दिलेला; नवा घालायचं मला सुचलंच नव्हतं.

शिपाई मेला. खाली पाटी आली. थोरलीला वाचता येत नाही. तिने सुनेला विचारलं, "काय लिवलंय?"

आतून हात पुसत आलेल्या सुनेने आधी माझ्याकडे पाहिलं. "लय शानी हायेस," तिने वाचलं.

"ह्ये खरं," थोरली म्हणाली. "परत मार."

शिपाई पाच वेळा मेला. पाचही वेळा सुनेला वाचायला लावलं. राणी येत होती, मान वर, मान खाली, पिचकारी टाकत होती, आणि माझे सगळे वार तिच्या पाठीवरून जात होते. माझ्या मांड्या थरथरायला लागल्या.

"बसून मार," थोरली म्हणाली. "पोरं सांगत्यात."

मी खालचं बटण दाबलं. शिपाई बसला. तीन वार केले. राणी डळमळली, गुडघे टेकले, मुकुट घरंगळला, आणि ती आडवी होऊन ताडकन सरळ झाली. पीं-पीं करून विजयाचं संगीत वाजलं. नातीने ते फार आनंदी केलं होतं.

थोरली सुपावर हात ठेवून बघत होती. "परत दाव. शेवटचं."

मी परत मारलं. परत सरळ झाली.

"ह्ये मीच तुला इचारलं व्हतं," ती म्हणाली. "मयताहून आलो तवा. आणि कुणाला म्हायती न्हाई."

सून सूप उचलून आत निघून गेली. मी फोन बंद केला आणि म्हटलं, "आक्का, दुपारी मूठ लावायला चल. मी धरते तुला. मी स्वतः तुझ्याबरोबर चिखलात उतरते." सत्तर वर्षांची ती बाई किती उदार झाली होती बघा, सत्तेचाळीस वर्षं उशिरा.

ती गेली नाही. त्या दुपारी आमच्या खाचरात पहिली मूठ शेजारणीच्या हाताने पडली आणि तेव्हापासून तिच्याच हाताने पडते. थोरली आज एक्याऐंशीची आहे, घरातून फारशी निघत नाही. ती पोरं मोठी झाली, दुसरे गेम खेळतात, पण तिच्या दारावरून जाताना अजून एखाद्याचे गुडघे आपोआप वाकतात, सवयीने. आणि इंद्रायणीचं पोतं त्या दिवाळीलाही आलं. 'तुज्या वाट्याचं,' हाच निरोप. आम्ही खाल्ला तो भात, नाही कशाला म्हणू. चांगला मऊ झाला होता.

पण त्या सकाळी, मी जमिनीवर हात टेकून कशीबशी उभी राहिले, पदर झटकला आणि चपला घालायला उंबऱ्यापाशी गेले, तेव्हा तिने मला हाक मारली. मी वळले. तिने कासवासारखी सावकाश मान वर काढली, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मला माराया का हुईना, पर वाकलीस. भातात कदी वाकली न्हाईस, मास्तरणे."